परमिट कोणाच्या नावावर, हात कोणाचा?

(मराठवाडा आणि विदर्भातून सारनाथला आलेल्या पदवीधर तरुण-तरुणींच्या गटासमोर, मुक्कामाच्या धर्मशाळेत केलेलं भाषण. लेखी करताना थोडी भर घातली आहे.)



तुमच्या संयोजकांनी मला फोन केला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी धम्मचक्रप्रवर्तनावर बोलावं. सारनाथला येऊन दुसरं कोण काय बोलणार! पण उद्या तुम्ही धमेक स्तूपाकडे जाल तेव्हा तिथे भन्तेजी असतील, माझ्यापेक्षा कितीतरी नीट सांगतील. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. गेली चार वर्षं बनारसमध्ये राहून पीएचडी करते आहे आणि माझा विषय आहे वायरमन. म्हणून मी वायरमनवर बोलणार आहे. तुमच्यापैकी काही जणांचे चेहरे पडलेले दिसतायत. थोडं थांबा.

मला सांगा, इथे कितीजणांच्या घरात आयटीआय झालेलं माणूस आहे? वडील, काका, मामा, भाऊ? हात वर करा. बघा. निम्म्याहून जास्त. आता त्यांतले वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचे किती? बरेच आहेत. आणि त्यांच्यापैकी किती जणांकडे सरकारी परमिट आहे? आयटीआयचं सर्टिफिकेट नाही, परमिट. दोन. तिसरा हात अर्धा वर आहे, म्हणजे घरी फोन करून विचारावं लागेल.

माझ्या घरातला हातही वर गेला नसता. माझे बाबा हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं वायरिंग करत होते. पट्टी फिटिंगच्या काळापासून कन्सीलपर्यंत. छन्नी-हातोडीने भिंतीला झिरी मारून मारून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा झालाय, तो अजून सरळ होत नाही. ते एका ठेकेदाराकडे होते. गावात नवी इमारत झाली की ठेका त्या माणसाचा आणि काम बाबांचं. बाबा आयटीआयवाले नव्हते. आठवीनंतर हाताखाली राहून शिकलेले. मी दहावीला असताना त्यांनी वायरिंग केलेल्या एका मंगल कार्यालयात छताच्या आतून आग लागली. सुदैवाने दुपार होती, कोणी दगावलं नाही. पण चौकशी झाली. ठेकेदाराने सांगितलं, हा माझा माणूसच नाही, किरकोळ कामाला कधीतरी बोलवायचो. पोलिसांनी बाबांना विचारलं, परवाना दाखव. बाबांकडे नव्हता. मग कार्यालयाची कागदपत्रं निघाली. त्यातल्या टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराची सही होती आणि काम करणारा वायरमन म्हणून तिसऱ्याच एका माणसाचं नाव आणि परमिट नंबर होता. त्या माणसाने ते कार्यालय कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की बावीस वर्षं त्यांच्या हातचं काम कागदावर दुसऱ्याच्या नावाने जमा होत होतं. वायर कमी जाडीची होती, ती ठेकेदाराने आणून दिलेली. पण ते कोण ऐकणार? प्रकरण पुढे मिटलं. मिटवलं म्हणा. बाबांनी वायरिंग सोडलं आणि कूलर-मोटारी दुरुस्त करायला बसले.

मी पीएचडीला हा विषय का घेतला, असं मुलाखतीत विचारलं गेलं होतं तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. खरं उत्तर हे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. फार नाही, पाच मिनिटं. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. तो सांगायचा की ग्राहकाच्या जागेत विजेचं कोणतंही काम, नवी मांडणी, वाढ, फेरफार, दुरुस्ती, ही सरकारकडून लायसन्स मिळालेल्या ठेकेदारानेच करायची, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायची आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट हवं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यातून वगळलेलं, कारण त्याने मांडणीचा मूळ भार बदलत नाही. २००३ चा नवा वीज कायदा आल्यावर केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे नवे विनियम केले, २०२३ मध्ये पुन्हा नवे. गाभा तोच राहिला. तर कागद तीन: तारतंत्रीचं परमिट, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, ठेकेदाराचं लायसन्स. ते राज्य सरकार देतं. महाराष्ट्रात विद्युत निरीक्षकाचं खातं आणि अनुज्ञापक मंडळ, इथे उत्तर प्रदेशात विद्युत सुरक्षा निदेशालय. महावितरणचं नवं कनेक्शन घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तसा इथे बी अँड एल फॉर्म लागतो. नाव वेगळं, काम एकच: ठेकेदार लिहून देतो की ही वायरिंग माझ्या माणसांनी केली, मी तपासली, धोका नाही.

त्या तपासणीत एक गोष्ट असते, इन्सुलेशनची. मेगर नावाचं यंत्र लावतात. जुन्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा आणि वायर व जमीन यांच्यातला रोध किमान एक मेगाओहम आला पाहिजे. फॉर्मवर त्यासाठी जागा असते. मी बनारसमध्ये असे भरलेले फॉर्म पुष्कळ पाहिलेत, आकडे सुवाच्य अक्षरात. मेगर मात्र फार क्वचित पाहिला. लंकेवर, म्हणजे बीएचयूच्या मुख्य फाटकासमोरच्या भागात, मी एका दुकानात बसायचे. तिथे सही-शिक्का मारलेले कोरे फॉर्म गड्डीने येत. किंमत सांगत नाही, ती माणूस बघून बदलते. घर बघायला कोणी जात नाही.

वरवर बघता हा भ्रष्टाचाराचा साधा किस्सा आहे. आपल्या देशात काय विकत मिळत नाही, असं म्हणून तुम्ही पुढे जाल. पण थोडं खाली उतरून बघू. सही कोण विकतंय आणि शिडीवर कोण चढतंय?

बनारसमध्ये सध्या कामाला तोटा नाही. २०१५ मध्ये केंद्राच्या योजनेतून जुन्या शहराच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर भागातल्या तारा जमिनीखाली घालायचं काम सुरू झालं. गल्ल्यांवरचं ते तारांचं जाळं गेलं, फोटो छान येतात. घरांच्या आतली वायरिंग मात्र तशीच राहिली. मग डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ कॉरिडॉर उघडला आणि घाटाजवळच्या घराघरांत गेस्ट हाऊस झालं. जिथे चाळीस वर्षं दोन बल्ब आणि एक पंखा चालत होता त्या खोलीत आता दीड टनाचा एसी, गिझर, टीव्ही. जुनी वायर तो भार कशी घेणार? हे सगळं बदलणारे हात कोणाचे, तर सीर गोवर्धनपूरच्या बाजूच्या दलित वस्त्यांतली मुलं, करघा बंद पडल्यामुळे विणकाम सोडून आलेली मुस्लिम मुलं, चंदौली-गाझीपूरकडून येणारी मागासवर्गीय मुलं. मी कुठली टक्केवारी सांगत नाही, माझ्या वहीत जी माणसं आहेत त्यांच्याबद्दल बोलते आहे. आणि ज्यांच्या नावाचे शिक्के त्या गड्डीवर होते ती आडनावं तुम्हाला मी सांगायची गरज आहे का?

सीर गोवर्धनपूर तुम्हाला माहीत असेल. संत रविदासांचं जन्मस्थान. माघी पौर्णिमेला पंजाबातून लाखो माणसं येतात, सगळा परिसर दिव्यांनी उजळतो. तिथल्या एका माणसाशी माझी ओळख झाली. त्यांना मी भैया म्हणते, नाव सांगत नाही. वय चाळीसच्या आसपास. करौंदीच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स पूर्ण केलेला, राखीव जागेवर. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनींनी लोखंडी पेटी उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं सर्टिफिकेट दाखवलं. घडीवर फाटलेलं, पण जपलेलं. मी विचारलं, यावर परमिट का नाही काढलं? ते म्हणाले, ठेकेदारसाहेब म्हणाले होते की गरज नाही, मी आहे ना.

'मी आहे ना.' बाबांनाही हेच सांगितलं गेलं होतं. हिंगोली ते बनारस अंतर किती, आणि वाक्य तेच!

गेल्या वर्षीची एक गोष्ट भैयांनी सांगितली. दुर्गाकुंडच्या बाजूला एका जुन्या घराची पूर्ण वायरिंग बदलायची होती. ते आणि दोन पोरं. पहिल्या दिवशी घरमालकिणीने पाणी देताना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, देवघरातला पॉइंट तुम्ही करू नका. बाकी सगळं घर चालतं. स्वयंपाकघरही चालतं, ते नंतर धुऊन घेता येतं बहुतेक. म्हणून भैयांनी पाइप देवघराच्या चौकटीपर्यंत आणला, वायरचं भेंडोळं करून डब्यात ठेवलं आणि बाहेर थांबले. ठेकेदाराने त्याच्या नात्यातला एक मुलगा पाठवला. त्याला फेज कोणती आणि न्यूट्रल कोणती तेही ओळखता येत नव्हतं. भैया दाराबाहेर उभे राहून त्याला सांगत होते: लाल तिथे, काळी इथे, आता हिरवी, अरे हिरवी सोडू नकोस, ती आर्थिंगची आहे. त्याने हिरवी सोडलीच. भैयांना ते बाहेरून दिसत होतं. आत जाऊन दुरुस्त करता येत नव्हतं. ते सांगताना हसत होते. मला म्हणाले, दीदी, त्या देवाला कधी शॉक बसला तर माझं नाव येणार नाही एवढं बरं झालं.

मी हॉस्टेलवर येऊन हे लिहून काढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या चौकटीपाशी दोन परवाने समोरासमोर उभे होते. एक राज्याचा. तो विचारतो, तुला काम येतं का, परीक्षा दिलीस का, दाखला दाखव. दुसरा त्या घराचा. तो विचारतो, पूर्ण नाव काय. आणि राज्याचा परवाना भैयांकडे असता तरी देवघरात त्यांना जाता आलं असतं का? नसतं, बहुतेक. हे मी लपवत नाही. पण ठेका त्यांच्या नावाने असता तर त्या पोराच्या हाती हिरवी वायर गेली नसती. ते म्हणू शकले असते, काम पूर्ण माझ्या माणसांकडून होईल, नसेल तर दुसरा ठेकेदार बघा. आज ते असं म्हणू शकत नाहीत.

विजेचं काम हा जातीच्या मानाने फार तरुण धंदा आहे. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली आली. लोहार, सुतार, चांभार, न्हावी यांच्यासारखी 'विजार' अशी जात कोणत्याही स्मृतीत नाही. बलुत्यात वायरमन नव्हता. म्हणजे हा धंदा जन्माला आला तेव्हा कोणाच्या मालकीचा नव्हता आणि त्यात शिरायचं दार राज्याने ठेवलं: प्रशिक्षण, परीक्षा, परमिट. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीच्या बैठकीत ते अध्यक्ष होते आणि देशाला स्वस्त व मुबलक वीज हवी, तिच्याशिवाय औद्योगिकीकरण नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं ते त्यांच्याच खात्याखाली. कामगारांच्या तंत्रप्रशिक्षणाची युद्धकाळातली योजनाही त्याच खात्याकडे होती. १९३६ मध्ये त्यांनी जात आणि श्रम यांच्याविषयी काय लिहिलं ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, मी पुन्हा म्हणत नाही. पण लिहिणारा माणूस सहा-सात वर्षांनी वीज आणि तंत्रशिक्षण हातात घेतो, याचा एकत्र विचार आपण फारसा करत नाही. जयंतीच्या भाषणात ओळ येते आणि टाळ्या वाजून संपते.

याच्या शेजारी पीएम विश्वकर्मा योजना ठेवून बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. अठरा धंदे: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, टोपल्या-झाडू करणारे वगैरे. प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज. गरीब कारागिराला पैसे मिळतात याला माझी हरकत नाही, माझ्या आत्याच्या दिरानेही अर्ज केलाय. पण यादी वाचा. बहुतेक नावं जातींची आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरातून चालत आलेला धंदा हेच तिथे भूषण. वायरमन त्या यादीत नाही, कारण त्याच्या बापाने तो धंदा केलेला नसतो. म्हणजे बापाचाच धंदा करतोस तर सरकार ओळखपत्र घेऊन पुढे येतं. बापाचा धंदा सोडून तार हातात घेतलीस, तर ओळखपत्रासाठी ठेकेदाराच्या दारात उभा राहा.

दारात का? इथेच गाठ आहे, जरा लक्ष द्या. अनेक राज्यांत परमिटला दोन वाटा आहेत. आयटीआय झालेल्याला परीक्षेतून सूट मिळते किंवा वाट सोपी असते. बाबांसारख्या अनुभवाने शिकलेल्याला परीक्षा असते. परीक्षेला माझा काही आक्षेप नाही. पण परीक्षेला बसायला अनुभवाचा दाखला लागतो आणि तो दाखला लायसन्सधारक ठेकेदाराच्या लेटरहेडवर हवा. पुढे पर्यवेक्षक व्हायचं, पुन्हा अनुभवाचा दाखला. ज्याने वीस वर्षं तुमचं नाव कागदावर येऊ दिलं नाही, तोच लिहून देणार की हा माझ्याकडे वीस वर्षं होता? तसं लिहिलं तर पगार, विमा, भविष्य निर्वाह निधी, सगळे प्रश्न उभे राहतात. शिवाय हा माणूस उद्या स्वतः ठेकेदार होईल ती भीती वेगळीच. मी एका ठेकेदाराशी बोलले, ते अगदी मोकळेपणाने म्हणाले की पुतण्याला लिहून दिलंय, मेहुण्याला लिहून दिलंय, बाकीच्यांना कशाला? नियमात जातीचा उल्लेख नाही. लेटरहेडलाही जात नसते. लेटरहेड ज्या घरात असतं त्या घराला असते.

आणि ज्यांच्याकडे परमिट आहे त्यांचं काय होतं, तेही ऐका. ठेकेदाराला लायसन्स टिकवायला कागदावर परमिटधारक माणसं दाखवावी लागतात. मग परमिट भाड्याने घेतलं जातं. धारक घरी बसतो किंवा भलतंच काम करतो, त्याच्या नावावर महिन्याला काही रक्कम पोचते, काम बिनपरमिटवाला करतो. बाबांच्या टेस्ट रिपोर्टवरचा तो तिसरा माणूस असाच असणार. मला त्याचा पूर्वी फार राग यायचा. आता वाटतं, त्यालाही कदाचित महिन्याच्या किराण्याइतकेच मिळत असतील.

विजेच्या धक्क्याने या देशात वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल सांगतात. त्या तक्त्यांत मेलेल्याच्या जातीचा रकाना नाही. अपघात झाला की ठेकेदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: परमिट नव्हतं, आता काही मिळणार नाही. हे खोटं आहे, हे घरी जाऊन सांगा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. तो विचारतो, तू कोणाच्या कामावर होतास आणि इजा त्या कामामुळे झाली का. परमिट नसणं हे भरपाई नाकारायचं कारण होत नाही. पण हे माहीत नसल्याने घरातली बाई गप्प राहते आणि पाच-दहा हजारांवर मिटवामिटवी होते.

एवढं सगळं ऐकल्यावर माझे काही मित्र म्हणतात, मग लायसन्सच काढून टाका ना. परवाने म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. फेरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे, तिथे परवान्यांची संख्याच बांधलेली असायची. इथे तसं नाही. वायरमनचे परमिट किती द्यायचे याला मर्यादा नाही, पास झालात की मिळतं. आणि वीज काही भाजीपाला नव्हे. आर्थिंग नसलेल्या घरात वॉशिंग मशीनला हात लावणारी बाई कोणत्याही जातीची असो, मरते. पण त्याहून महत्त्वाचं सांगते. परवाना काढून टाकला तर ग्राहक माणूस कसा निवडणार? ओळखीने. आणि ओळखी कोणाकडे आहेत? ज्याच्याकडे आडनाव, काका, मामा, दुकान काहीच नाही, त्याला स्वतःची लायकी सिद्ध करायला सरकारी कागदाशिवाय दुसरं काय आहे? तुम्ही आणि मी इथे कशाच्या जोरावर बसलोय? माझ्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. माझी पदवी काढून घेतली तर बीएचयूच्या फाटकावरचा शिपाईही मला आत सोडणार नाही.

बनारसचं आणि आपलं परवान्याचं नातं तसं जुनं आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकासाठी गागाभट्ट इथूनच गेले. ज्याने स्वतः राज्य उभं केलं त्यालाही राजा म्हणवून घ्यायला काशीचा दाखला लागला, असं म्हणता येईल. पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर महिन्याभराने, बाबासाहेब काठमांडूहून परतताना याच शहरात आले, विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे बोलले आणि सारनाथला आले. ते इथे कोणाचा दाखला मागायला आले नव्हते. असो, भरकटले.

तर परमिट हवं. गाठ सोडवायची ती अनुभवाच्या दाखल्याची. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी काही सूचना मांडणार आहे, गाईडना त्यातल्या निम्म्या पटलेल्या नाहीत. अनुभव सिद्ध करायला ठेकेदाराच्या पत्राऐवजी प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा का नको? बोर्ड, वायर, मेगर समोर ठेवा, दोन तास द्या, कळेल कोणाला येतं. घरमालकांचे दाखले, मजुरीच्या बँक नोंदी, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी हे पुरावे का चालू नयेत? दुसरं, ठेक्याचं. आयटीआयच्या जागेपर्यंत आरक्षण येतं, उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींना २१ टक्के, महाराष्ट्रात १३ टक्के, आणि तिथून पुढे रस्ता संपतो. कर्नाटकाने कायदा दुरुस्त करून सुरुवातीला ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी २४.१ टक्के राखले, नंतर मर्यादा वाढवली. त्यातही बेनामी चालतं, मला माहीत आहे. तरी तिथे निदान लेटरहेड छापायला कारण मिळतं. महाराष्ट्रात ही मागणी आपण का लावून धरत नाही? आपले मोर्चे नोकरीच्या आरक्षणासाठी निघतात, निघालेच पाहिजेत. पण २०२४ च्या अखेरीस इथल्या पूर्वांचल वीज वितरण निगमाच्या खाजगीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हापासून भिखारीपूरच्या कार्यालयाबाहेर कर्मचारी आंदोलन करतायत. खांबावर चढणारी माणसं आधीच कंत्राटी झालेली आहेत. नोकरी ठेक्यात जात असेल तर ठेका कोणाकडे आहे, हा प्रश्न बाजूला ठेवून चालणार नाही.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर आपल्या बापाच्या कामाबद्दल दोनच प्रकारे बोलतो. एक तर लाजतो, किंवा स्टेजवर रडतो. मीही दोन्ही केलंय. एमएला असताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'शेती' लिहिलं होतं, आमच्याकडे गुंठाभर जमीन नसताना. फॉर्म भरणं हे आपलं कौशल्य आहे. स्कॉलरशिपचे, नेटचे, जातपडताळणीचे फॉर्म भरून भरून आपण त्यात पटाईत झालोय. ते घरच्यांसाठी वापरा. पेटीतलं आयटीआयचं प्रमाणपत्र बाहेर काढा. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा. बहुतेक जुळत नाही, एकात 'बाबुराव' असतं आणि दुसऱ्यात 'बाबू', मग राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र लागेल, ते आधी करा. अर्ज ऑनलाइन आहेत. फी ऐपतीबाहेरची नाही. बहिणींनीही ऐका: वीजतंत्री ट्रेडला मुली येतात, कोर्स करतात आणि परमिट न काढता संसाराला लागतात. ज्या घरी एकटी बाई असते तिथे बाई वायरमन आली तर तिला किती बरं वाटेल, हे मला बनारसच्या कितीतरी घरांत ऐकायला मिळालंय. आजवर अशी एकही मला भेटलेली नाही.

भैयांचा अर्ज आम्ही फेब्रुवारीत भरला. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावात एक मात्रा कमी होती, त्यासाठी करौंदीला तीन चकरा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका वयस्कर निदेशकाने स्वतः उठून रजिस्टर शोधून दिलं. आता तो अर्ज लखनौला आहे. बाबांचं अवघड आहे. त्यांनी परीक्षेला बसायची तयारी दाखवली, चोपन्नाव्या वर्षी. रात्री यूट्यूबवर थ्री फेजचे व्हिडिओ बघतात आणि मला फोन करून सांगतात, माय, हा माणूस चुकीचं शिकवतोय. पण अनुभवाच्या दाखल्याचा रकाना कोरा आहे. त्या ठेकेदाराकडे ते जाणार नाहीत, आणि मी जा म्हणणार नाही. दुसऱ्या कोणी त्यांचं काम पाहिलेलं लायसन्सधारक सापडतं का, ते शोधतोय. हिंगोली-परभणीकडचं इथे कोणी असेल आणि ओळखीत असा ठेकेदार असेल, तर जेवणाच्या वेळी मला भेटा.

मघाशी ज्यांनी हात वर केले त्यांच्यासाठी मी महाराष्ट्राच्या अर्जाचे नमुने छापून आणलेत, मागच्या टेबलावर आहेत. आणि त्या टेबलाशेजारच्या बोर्डात मोबाइल लावू नका. मी आल्या आल्या टेस्टर लावून बघितलं, पत्र्याच्या पेटीलाच करंट येतोय. मॅनेजरना सांगितलंय, ते म्हणाले उद्या माणूस बोलावतो.